तांबईची ओटी

नगरपरिषद काय काय विकते? बाजारातले गाळे भाड्यानं देते, जुन्या घंटागाडीचं भंगार लिलावात काढते, फार झालं तर गांडूळखताची पोती. नेरगावच्या नगरपरिषदेनं मात्र त्या वर्षी अक्कल विकायला काढली होती, आणि गिऱ्हाईक रांगेत उभं होतं.

पुण्यातल्या प्रदर्शनात नेरगावच्या गाळ्यावर पाटी होती: 'जागल्या. नदीला कान देणारा खांब.' पाटीच्या एका कोपऱ्यात नगरपरिषदेचं बोधचिन्ह, दुसऱ्या कोपऱ्यात कंपनीचं. सॉफ्टवेअर नगरपरिषदेचं, खांब कंपनीचा, असा करार. सोयरीक छान जमली होती. रुसवेफुगवे काय ते पाटीवर कुणाचं नाव आधी, एवढ्यावरूनच.

जागल्या जिनं लिहिला ती ऋतुजा भोकरे, नगरपरिषदेची संगणक अभियंता, गुलाबी फेटा बांधून गाळ्यात उभी होती. फेटा ही कंपनीच्या सौमित्रची कल्पना.

"मॅडम, लोकांना गावाकडचं वाटलं पाहिजे."

"गावाकडं मी फेटा एकदाच बांधला, चुलतभावाच्या लग्नात. तोही टोचला म्हणून वरात निघायच्या आत काढला."

"मग आज वरात संपेपर्यंत ठेवा," सौमित्र हसला आणि पुढं आलेल्या दुसऱ्या एका गावच्या नगराध्यक्षांकडं वळला.

त्याचं बोलणं ऋतुजाला आता पाठ झालं होतं. नदीच्या तळाशी गोटे असतात. वरच्या अंगाला पाणी वाढलं की ते गोटे हलतात, गडगडतात, एकमेकांवर आपटतात. त्यांची धडधड जमिनीतून लांबवर जाते. आपल्याला ती ऐकू येत नाही, पण भूकंप टिपणारं यंत्र असतं ना, जिओफोन, त्याला ती कळते. घाटाच्या पायऱ्यांखाली असे जिओफोन पुरायचे, त्यांच्या तारा खांबात आणायच्या, आणि खांबातल्या जागल्यानं अहोरात्र ऐकत बसायचं. पाणी डोळ्याला दिसण्याआधी कानाला लागतं. मग खांबावरचा भोंगा वाजतो, आणि माणसं भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन वर निघतात.

"पण गोटे तर रोजच हलत असतील," नगराध्यक्ष म्हणाले. "पुराचं कुठलं, हे त्याला कोण सांगतं?"

"कोणीच नाही." हे उत्तर ऋतुजाचं होतं. "आम्ही त्याला नियम शिकवले नाहीत. तीन पावसाळे आमच्या घाटाखाली जे जे हललं, ते सगळं त्याला ऐकवलं, आणि कुठल्या दिवशी पूर आला तेवढं सांगितलं. ओळखायचं कशावरून, ते त्याचं त्यानं शोधलं."

"आणि त्यानं काय शोधलं?"

"गोटे," सौमित्र म्हणाला.

ऋतुजानं मान हलवली. पुढं कित्येक महिने तिला झोपेत दिसत राहिली, ती ही हललेली मान.

गर्दी ओसरल्यावर एक म्हातारा पुढं आला. नवी सोनवडी नगरपंचायतीच्या माणसांबरोबर तो आला होता; तिथल्या नदीकाठच्या पंपघराचा राखणदार, दौलतमामा. त्यानं हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तांबईचा आवाज ऐकत राहिला. तांबई म्हणजे नेरगावची नदी. डोंगरघाटातून ती तांबड्या मातीचं पाणी आणते.

"आमची नदी बी अशीच बोलायची," तो म्हणाला.

"कुठली नदी, मामा?"

"हाय कुठं आता. धरणात गेली. गाव बी गेलं, म्हणून तर आम्ही 'नवी' सोनवडी. आता सरकुंडी नदीच्या काठाला बसवलंय आम्हास्नी." त्यानं हेडफोन अलगद, एखाद्या पोराला खाली ठेवावं तसा ठेवला. "द्या आम्हालाबी एक जागल्या."

---

मे महिन्यात नव्या सोनवडीत खांब बसला. त्याची देखभाल दौलतमामाकडंच आली. पाऊस सुरू झाल्यापासून दिवेलागणीला त्याचा फोन यायचा. गरज नव्हती, खांबाची खबर ऋतुजाच्या पडद्यावर यायचीच. पण मामा फोन करायचा.

"ताई, तुमचा जागल्या गप हाय."

"गप आहे म्हणजे बरं आहे, मामा."

"बरं हाय म्हंता? मग मी जेवतो."

ऋतुजालाही तो फोन लागायला लागला होता. आदल्या हिवाळ्यात तिची आई, अक्काताई, गेली होती. घाटगल्लीतल्या त्या घरात दिवेलागणीला 'जेवलीस का?' विचारणारं आता कुणी नव्हतं. कुणीतरी 'मी जेवतो' म्हणणारं तरी होतं.

जुलैअखेर एका संध्याकाळी फोन आला नाही. पडद्यावर नव्या सोनवडीचा खांब हिरवा होता. गप होता. ऋतुजानं स्वतःच फोन लावला. तो वाजत राहिला, मग वाजायचाही बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौमित्रची गाडी तिला न्यायला दारात उभी होती.

नव्या सोनवडीचे रस्ते सरळ रेषेत आखलेले, घरं एकसारखी, आणि सगळ्या घरांवर एकाच उंचीवर चिखलाची रेघ. जणू कुणी दोरी धरून ओढली होती. खांब जागच्या जागी उभा होता. त्याचा दिवा अजून हिरवा. सगळ्या मढ्यांत एकटाच नीटनेटका बसलेला पाहुणा असावा, तसा तो दिसत होता.

दौलतमामाची बायको, हौसामामी, शाळेच्या ओट्यावर बसली होती. तिनं मान वर केली.

"तू ती ऋतुजा का?"

"हो, मामी."

"रोज तुझ्याशी बोलायचे. लोकं म्हणत हुती, पाणी चढाय लागलंय, वर चला. हे म्हणाले, जागल्या वाजला न्हाई, अजून येळ हाय. एवढी मोटार तेवढी वर घेतो. पंपघरात गेले, ते आलेच न्हाईत." तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. "पोरगीच म्हणतीय, म्हणाले, गप हाय म्हंजे बरं हाय."

सौमित्र हळूच म्हणाला, "मामी, यंत्र बिघडलं होतं का, ते आम्ही बघतोच आहोत."

"बिघडलं असंल न्हाई तर नसंल. मला त्यातलं कळत न्हाई." हौसामामीनं नदीकडं बघितलंसुद्धा नाही, नुसता हात केला. "ही नदीच आमची न्हवं. आमच्या नदीची आम्ही वटी भरायचो, तिला खण वाहायचो, आली की सामोरं जायाचो. हिच्याकडं बायामाणसं फिरकत बी न्हाईत. परक्याच्या लेकीला काय म्हणून हाक मारायची?"

परतताना गाडीत सौमित्र खिडकीबाहेर बघत म्हणाला, "खांब चालू होता. सगळं टिपलंय त्यानं. म्हणजे चूक सॉफ्टवेअरची."

"किंवा तुमच्या बसवण्याची."

"मॅडम, तुमचे मुख्याधिकारी आज सकाळीच बोलले. त्यांच्या मते चूक नव्या सोनवडीची आहे."

नव्या सोनवडीच्या खांबाचं ध्वनिमुद्रण ऋतुजानं तिथंच मागून घेतलं.

---

नगरपरिषदेच्या वरच्या मजल्यावर, भर दुपारी, ती दोन ध्वनिमुद्रणं घेऊन बसली. एक नव्या सोनवडीचं, एक नेरगावचं मागच्या वर्षीचं. दोन्ही पुराच्या आधीची. कंपनं माणसाच्या कानाला ऐकू येतील अशी चढवून घेतली.

नव्या सोनवडीत नुसती नदी होती. गोटे गडगडत होते, मोठ्यानं, अगदी स्पष्ट. हे ऐकून तर जागल्या ओरडायलाच हवा होता.

मग तिनं नेरगाव लावलं. गोटे इथंही होते. पण त्यांच्यावर आणखी काहीतरी होतं. मऊ, थांबत थांबत येणारं. थप्. थप्. थप्थप्. ती मुद्रण मागं घेत राहिली आणि ऐकत राहिली. दाराआड कुणी उभं आहे, हे जसं न बघता कळतं, तसं तिला कळलं. ही पावलं होती. अनवाणी पावलं, पुष्कळ, घाटाच्या पायऱ्या उतरणारी.

तिनं पुराआधीची सगळी मुद्रणं काढली. सगळ्यांत ती पावलं होती. बाकीच्या दिवशी त्या वेळेला घाट सुना.

तिनं जे करायचं ते केलं. संगणकावर पावलं वेगळी काढली, नदी वेगळी काढली. आधी जागल्याला नुसती नदी ऐकवली, भरलेली, गोटे दळणारी. तो गप. मग नुसती पावलं ऐकवली. नदी नाही, पाणी नाही, कोरड्या पायऱ्यांवर उतरणारी पावलं फक्त.

पडदा लाल झाला. जागल्या ओरडत होता.

तर हे शोधलं होतं त्यानं. घाटाचा प्रत्येक दगड त्याला ऐकवला होता, पुराचे दिवस सांगितले होते, आणि त्यानं सगळ्यांत सोपी, सगळ्यांत पक्की खूण उचलली होती. पूर येतो त्या दिवशी नेरगावच्या बायका आधी घाटावर येतात. गोट्यांकडं लक्ष द्यायची त्याला गरजच पडली नव्हती. नव्या सोनवडीत तो रात्रंदिवस बायकांची वाट बघत राहिला. आणि तिथं बायका नदीकडं फिरकत नव्हत्या.

ऋतुजानं हेडफोन काढायला हात नेला आणि तिथंच थांबली. त्या पावलांत एक चाल वेगळी होती. एक पाऊल पडायचं, दुसरं मागून घासत यायचं. थप्, सर्र. थप्, सर्र.

आईचा डावा गुडघा दुखरा होता.

ऋतुजाच्या डोळ्यांपुढं मागच्या वर्षीच्या पुराची पहाट उभी राहिली. आपण उंबऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलोय, खांबाच्या आकड्यांकडं बघतोय. आई सुपात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड ठेवतेय.

"आई, कशाला जातेस निसरड्यात? खांब सांगेल की."

"खांबाला माहेर असतंय का गं?" अक्काताई म्हणाली होती, आणि गुडघा सावरत, गुणगुणत गल्ली उतरली होती:

*आली तांबई माहेरा, तिचे पाय गं चिखलाचे
ओटी भर, बोळवण कर, घर हाये गं लेकरांचे*

मेलेल्या आईची चाल आज जागल्या घेतलेल्या तेवीस गावांच्या खांबांत होती. तेवीस अनोळखी घाटांखाली तो मुका पहारेकरी कान लावून बसला होता, अक्काताई भोकरे कधी पायऱ्या उतरते म्हणून.

---

छबूकाकी, आईची जन्माची मैत्रीण, घरासमोरच्याच दारात लसूण सोलत बसली होती.

"काकी, पूर यायच्या आधी तुम्ही ओटी भरायला जायचा. पूर येणार, हे तुम्हाला कळायचं कसं?"

"कळायचं कुठलं, बाई? आम्ही काय देवऋषी?" छबूकाकी हसली. "सांगावा यायचा की. तुझी वरच्या माळवाडीची मावशी फोन करायची तुझ्या आईला, 'लेक निघाली गं' म्हणून. तिला तिच्या नणंदेचा यायचा, ती आणखी वरची. नदी ज्या वाटेनं येती त्याच वाटेनं आमच्या सोयरिकी हायेत. लेक माहेराला येणार म्हटल्यावर पुढच्या घराला कळवाय नको? मग आम्ही खालच्या कुरणवाडीला कळवायचो आणि सूप घेऊन घाटावर." लसूण सोलता सोलता तिनं तालच धरला:

*वाटंवरल्या बाई, पुढं सांगावा धाडावा
लेक निघाली माहेरा, चुलीपाशी पाट मांडावा*

फोन. एवढंच होतं ते. ऋतुजाला ते फोन आठवत होते. 'आली का? बरं, मी बघते,' असं आई म्हणायची, आणि लेकीला वाटायचं, बायकांच्या गप्पा.

"आणि या वर्षी कधी जाणार?"

"आता कशाला जातंय कुणी?" छबूकाकीनं घाटाकडं बोट केलं. "तू तो भोंगा लावून ठेवलायस की. वाजला की जाऊ. तुझी आई हुती तवर वढून न्यायची सगळ्यांना. आता फोन बी कोण करत न्हाई. सगळ्यांस्नी वाटतंय, नेरगावला खांब हाय."

ऋतुजा भिंतीला टेकली. बायका खांबाची वाट बघत होत्या. आणि खांब बायकांची.

त्याच पावली ती नगरपरिषदेत गेली. मुख्याधिकारी नाईकनवरे साहेब नागपूरच्या प्रदर्शनाला गेले होते. फोनवर मागं सनई ऐकू येत होती.

"साहेब, जागल्या बंद करायला हवा. सगळीकडं. त्याला पूर ओळखताच येत नाही."

"भोकरे मॅडम, तीन पूर ओळखले त्यानं. मी स्वतः भाषणात सांगितलं."

"त्यानं बायका ओळखल्या, साहेब." तिनं सगळं सांगितलं.

मग साहेबांचा आवाज खाली आला. "हे अजून कुणाला बोललात? नका बोलू. पावसाळा जाऊ द्या. सुधारित आवृत्ती काढू. आज मी तेवीस गावांना काय सांगू, की आमचं यंत्र बायकांच्या पायांवर चालतं?"

"तेच सांगा. खरं तेच आहे."

"इथं माझ्यापुढं माणसं बसलीत. ठेवतो." आणि ठेवता ठेवता म्हणाले, "आत्ता खांब गप्प आहे ना? मग झालं तर."

खिडकीबाहेर ऊन पडलं होतं. नेरगावात दोन दिवस पाऊस नव्हता. पण पश्चिमेला, जिथं घाट सुरू होतो, तिथं आभाळ काळं ठिक्कर, घागर पालथी घातल्यासारखं. तांबईवर धरण नाही. तिच्या येण्याची आगाऊ वर्दी कुठल्याच कचेरीत लागत नाही. जिल्ह्याचा सावधानतेचा संदेश तर रोजच यायचा, ऊन असलं तरी, पाऊस असला तरी. लोक तो न वाचता पुसायचे.

ऋतुजानं मावशीला फोन लावला.

"अगं बाई, ऋतू! किती दिवसांनी," मावशी ओरडून बोलत होती. मागं धो धो आवाज. "पाणी आमच्या खळ्यापर्यंत आलंय सकाळधरनं. असं गेल्या धा वर्षांत बघितलं न्हवतं. तुमच्याकडं काय, भोंगा वाजला असंलच."

"नाही वाजला, मावशी."

"आं?"

"मला फोन का केला नाहीस?"

"अक्का गेली, आता कुणाला करू?" मावशीचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि तुमच्याकडं खांब हाय की गं."

---

आधी भोंग्याला हातानं वाजवायची कळ होती. करार झाल्यावर कंपनीनं ती काढून टाकली. कुणीही उठून वाजवली तर हमी कशाची द्यायची? सौमित्रला फोन लावला. तो म्हणाला, वरून परवानगी घेतो, अर्धा दिवस तरी द्या. अर्धा दिवस तांबई देणार नव्हती.

ऋतुजा घाटगल्लीतून धावत, दारं ठोकत निघाली. "पाणी येतंय! वर चला!"

लोक दारात आले. आभाळाकडं बघितलं, मग खांबाकडं.

"भोंगा कुठं वाजलाय, मॅडम?" किराणावाला शिवलिंग म्हणाला. "तुम्हीच तर पत्रकं वाटली, भोंगा वाजला तरच घर सोडा, अफवांवर विश्वास ठेवू नका."

"ती पत्रकं चूक होती, शिवलिंगदादा!"

"आता पत्रक चूक म्हणताय, उद्या म्हणाल हे सांगितलेलं चूक." तो चिडून नव्हे, समजुतीनं बोलत होता, आणि तेच भयंकर होतं. गावाचा जागल्यावर विश्वास होता. तो तिनंच बसवला होता, पायऱ्यांखालच्या यंत्रांइतकाच खोल.

ती घरात शिरली. चुलीमागच्या फळीवर आईचं सूप पालथं पडलं होतं. तिनं ते झटकलं, हाताला लागला तो खण, देवापुढचा नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड त्यात टाकलं, चपला उंबऱ्यातच काढल्या. छबूकाकीच्या दारातून ओरडली, "काकी, लेक निघाली! मावशीचा सांगावा आहे!"

छबूकाकीच्या हातातला लसूण सांडला. यंत्राचं तिला सांगून पटलं नसतं. सांगावा मात्र तिच्या हाडात मुरलेला होता.

"कधी?"

"सकाळीच निघालीय."

"आणि आत्ता सांगतीस, भवाने!" छबूकाकी उठली आणि गल्लीत उभी राहून तिनं जी हाक दिली, ती भोंग्यालाही जमली नसती. "अगं ए सुमे! गजरे! आनसूया! तांबई आलीया!"

ऋतुजा थांबली नाही. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. या वर्षी कुणी उतरलंच नव्हतं. अर्ध्यावर तिचा पाय घसरला. घोटा मुरगळला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. सूप छातीशी धरून ती तशीच उठली, उतरली, खांबापुढं उभी राहिली. पाणी शांत होतं, पण रंग बदलला होता. तांबडा.

"ऐक की रे," ती खांबाला म्हणाली. "आलेय मी."

दिवा हिरवाच. एकटीची चाल त्याला पुरत नव्हती. त्यानं बायकांची गर्दी पाठ केली होती. ती लंगडत वर गेली, लंगडत खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. घोटा ठणकत होता. तिला वाटलं, आपण एका बहिऱ्या देवाच्या दारात पाय आपटतोय, आणि हा देव आपणच घडवलाय.

मग वरच्या पायरीवर सुपं दिसली. छबूकाकी पुढं, मागं सुमन, गजरा, अनसूया, त्यांच्या सुना, पदर खोचलेल्या. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात नुसतीच साखर. अनवाणी, पुष्कळ, थांबत थांबत. थप्. थप्. थप्थप्. वाट पाठ असल्यासारख्या त्या ऋतुजाच्या दोन्ही अंगांनी उतरत गेल्या आणि तीही त्यांच्यात मिसळली.

छबूकाकीनं पहिला खण पाण्यावर सोडला तेव्हा भोंगा वाजला.

तो असा वाजला की घाटावरची कबुतरं एकदम उठली. गल्ल्यांमधून दारं आपटली, गुरं हंबरली, शिवलिंगनं दुकानाचं शटर खाली ओढलं. ज्या गावानं ऋतुजाचं ऐकलं नव्हतं, ते गाव भोंग्याच्या पहिल्या आवाजाला उठलं आणि शाळेच्या टेकाडाकडं चालायला लागलं.

वर चढता चढता सुमननं खालच्या कुरणवाडीला फोन लावला. "लेक निघाली गं. पाट मांडू नका, पळा."

---

तांबई त्या संध्याकाळी घाटगल्लीत शिरली. खांब आधी गुडघाभर, मग भोंग्यासकट बुडाला. घरं पडली, भिंती खचल्या. पण घरांत कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी ऋतुजानं शाळेच्या वर्गात बसून तेवीस गावांना आपल्या नावानं पत्र पाठवलं. जागल्या काय ऐकतो आणि काय ऐकत नाही, ते साध्या मराठीत लिहिलं. शेवटी लिहिलं: भोंग्यावर विसंबू नका. तुमच्या नदीच्या वरच्या अंगाला कोण राहतं ते शोधा, त्यांच्याशी बोलत राहा.

नाईकनवरे साहेबांचा फोन लगेच आला. "तुम्ही नगरपरिषद बुडवलीत!"

"बुडाली नाही, साहेब. माणसं बुडाली असती, तर तुम्ही गप्प बसला असता."

नोकरी राहील की जाईल, ते पुढं कळणार होतं. त्याआधी तिनं सरकुंडीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या बाईचा नंबर मिळवून नव्या सोनवडीला कळवला.

"आमचं वर कोणबी न्हाई, पोरी," हौसामामी म्हणाली.

"तिला सांगितलंय मी तुमच्याबद्दल. नदी निघाली की ती तुम्हाला फोन करणार आहे."

हौसामामीनं फोन या कानावरून त्या कानाला घेतला. मग म्हणाली, "तिला म्हणावं, नाव काय तुझं."

सगळं निजानीज झाल्यासारखं शांत होतं. बाहेर पोरं उन्हात खेळत होती, तेवढाच काय तो आवाज. ऋतुजानं हेडफोन लावला. खांब बुडायच्या आधीचं, बायका घाट उतरल्या तेव्हाचं मुद्रण तिच्याकडं आलेलं होतं. तिला फक्त एकदा ऐकायचं होतं.

गोटे गडगडत होते. त्यांच्यावर पावलं आली. छबूकाकीची फताडी, सुमनची घाईची, सुनांची हलकी. आणि त्यांच्या मधोमध, पायरी पायरीनं, एक पाऊल पडत होतं आणि दुसरं मागून घासत येत होतं. थप्, सर्र. थप्, सर्र.

आई आली होती. सगळ्यांना ओढून घाटावर नेणारी आई, याही वर्षी आली होती. ऋतुजा डोळे मिटून ऐकत राहिली, एकेक पायरी, ओठांवर ती ओवी आपोआप येत गेली. पावलं पाण्यापाशी थांबली. मुद्रण संपलं.

मग गुरुजींच्या बायकोनं वर्गाच्या दारातून चहासाठी हाक मारली. ऋतुजा उठली आणि दाराकडं चालू लागली. रिकाम्या वर्गात, फरशीवर, तिला पुन्हा तीच चाल ऐकू आली.

ती थांबली. चाल थांबली.

तिनं खाली बघितलं. फडक्यात बांधलेला, सुजलेला तिचा स्वतःचा डावा पाय फरशीवर टेकला होता.